नोकरीसाठीची हेल्पलाइन आणि फोनचा खर्च: ठाणे जिल्ह्याची पार्श्वभूमी

ठाणे जिल्हा कागदावर एकच असला, तरी टेलिफोनच्या हिशेबात तो कधी एक नव्हता. ठाणे शहर आणि नवी मुंबई ०२२ या कोडमध्ये, कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर ०२५१ मध्ये, भिवंडी ०२५२२, मुरबाड ०२५२४, शहापूर ०२५२७. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हारचा ०२५२० आणि डहाणूचा ०२५२८ हेही याच जिल्ह्यात होते. जिल्ह्याचे सेवायोजन कार्यालय, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायचे सरकारी कार्यालय, मात्र ठाण्यात. बेलापूरहून तिथे फोन लावला तर लोकल कॉल, शहापूरहून लावला तर एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा महाग कॉल. ज्यांच्या गावाजवळ कारखाने कमी, त्यांनाच चौकशी महाग पडायची.

सेवायोजन कार्यालये फोनसाठी उभी राहिलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून जुलै १९४५ मध्ये ही यंत्रणा सुरू झाली. फाळणीनंतर विस्थापितांची नोंदणी तिच्याकडे आली आणि १९४८ पासून ती सर्वांसाठी खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला कार्यालयांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. रिक्त जागा कळवणे बंधनकारक करणारा १९५९ चा कायदा १ मे १९६० ला, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच दिवशी, लागू झाला. २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनी दर तिमाहीला ईआर-१ हे कामगारसंख्येचे आणि रिक्त जागांचे विवरणपत्र भरायचे आणि जागा भरण्याआधी कार्यालयाला कळवायचे, असा नियम. कळवायचे, भरती तिथूनच करायची नाही. हा फरक नोंदणी करणाऱ्या अनेकांना कधी कोणी समजावून सांगितला नाही. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने वाढत होते, त्या काळात नोंदणीचे कार्ड हातात आले की बोलावणे येईलच, असा समज घराघरात होता.

त्या व्यवस्थेत सगळा व्यवहार टपालाने चालायचा. नोंदणी रांगेत उभे राहून, नूतनीकरण ठरल्या महिन्यात, मुलाखतीचे पत्र पोस्टाने. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवड केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठवलेल्या नावांपुरती ठेवू नये, जाहिरातही द्यावी. खुल्या भरतीच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे उमेदवाराचे काम बदलले. पत्राची वाट पाहायची, त्याऐवजी आता जाहिराती शोधायच्या, अर्हतेबद्दल विचारायचे, अर्ज पोचला का ते पाहायचे. म्हणजे फोन करायचे.

फोन होते कुठे? मुंबई आणि ठाण्याची टेलिफोन सेवा १ एप्रिल १९८६ ला महानगर टेलिफोन निगमकडे (एमटीएनएल) आली, तरी घरी जोडणी मिळायला वर्षे लागत. अर्जातल्या दूरध्वनीच्या रकान्यात मग शेजाऱ्याचा किंवा वाण्याचा क्रमांक लिहून पुढे ‘पी.पी.’ लिहायची पद्धत होती. फोन आला की दुकानातला पोरगा हाक मारायला धावायचा. फोन करण्यापेक्षा फोन यावा ही सोय करणे अवघड असते, हे तेव्हाही दिसत होते. पुढे सगळे बदलले, ही अडचण तेवढी राहिली.

बाहेर जाणारा कॉल एसटीडी बूथवरून व्हायचा. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. सरकारी कार्यालय चालू असायचे दिवसा, पूर्ण दराच्या वेळेत. सवलतीच्या वेळेत नातेवाइकांशी बोलता यायचे, नोकरीची चौकशी नाही. पल्स, म्हणजे कॉलच्या आकारणीचे एकक, मोजणारे यंत्र समोर असायचे आणि पलीकडून “जरा थांबा, साहेबांना विचारतो” असे ऐकू आले की आकडा वाढताना दिसायचा. मग काही वर्षे जवळच्या अंतरासाठी शून्याऐवजी ९५ लावायची पद्धत आली. डोंबिवलीहून ठाण्याला ९५२२ लावून पुढचा क्रमांक. दर कमी झाला, पण लोकल आणि बाहेरचा हा भेद गेला नाही. १ मार्च २००६ च्या ‘वनइंडिया’ योजनेत लोकल कॉल तीन मिनिटांना एक रुपया आणि देशभरचा एसटीडी मिनिटाला एक रुपया झाला. हिशेब करून पाहा: दहा मिनिटे थांबावे लागले तर ठाण्याच्या माणसाचे चार पल्स, म्हणजे चार रुपये, आणि एसटीडी लावणाऱ्याचे दहा.

मोबाइल आला तेव्हा, १९९५ मध्ये, मिनिटाला आठ ते सोळा रुपये पडत आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे लागत. १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. काम शोधणाऱ्यांसाठी हा त्या काळातला सर्वांत मोठा बदल. पी.पी. क्रमांक संपला. अर्जावर स्वतःचा क्रमांक लिहिता येऊ लागला, खिशात शिल्लक नसली तरी मुलाखतीचा निरोप पोचू लागला. मिस्ड कॉलची आपली सगळी रीतही याच सवलतीवर उभी राहिली. भविष्य निर्वाह निधी संघटनेने पुढे तीच रीत अधिकृत केली: नोंदवलेल्या मोबाइलवरून ठरावीक क्रमांकावर रिंग द्यायची, कॉल आपोआप कापला जातो आणि निधीतली शिल्लक एसएमएसने कळते. कॉल करणाऱ्याचा एक पैसाही जात नाही. रोजगार नोंदणीची स्थिती अशीच कळवता आली असती, असे वाटत राहते.

मोफत क्रमांकांचा इतिहास थोडा किचकट आहे. सरकारी टेलिफोन कंपन्यांचे मोफत क्रमांक आधी १६०० ने सुरू होत, नंतर १८०० आले. या कॉलचे पैसे सेवा देणारे कार्यालय कंपनीला मिनिटाच्या हिशेबाने भरते. त्यामुळेच लहान कार्यालये वर्षानुवर्षे साधा लँडलाइन क्रमांकच छापत आली. मोफत क्रमांक घेतला की थांबलेल्या प्रत्येक माणसाचे बिल कार्यालयाला येते, साध्या क्रमांकावर ते फोन करणाऱ्याला येते. त्यात बराच काळ जाहिरातीत ‘टोल फ्री’ छापलेला क्रमांक फक्त एमटीएनएल-बीएसएनएलच्या जोडणीवरून लागायचा. खासगी मोबाइलवरून लावला तर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ मध्ये नियम करून एका कंपनीचे असे क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांनाही मिळावेत असे ठरवले आणि २०१२ मध्ये त्यात सुधारणा केली. आज मोबाइलवरून १८०० लागतो तो या नियमांमुळे.

१८६० ने सुरू होणारा क्रमांक दिसायला तसाच, पण त्याचे पैसे फोन करणाऱ्याकडून जातात, आणि ‘अमर्याद कॉल’च्या रिचार्जमध्ये तो धरला आहे का, हे अटींमध्ये पाहावे लागते. चार-पाच आकडी क्रमांक म्हणजे मोफत, हाही समज धरू नये. तसे स्पष्ट लिहिले असेल तरच तो मोफत मानावा.

सध्याच्या क्रमांकांबद्दल. केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा २० जुलै २०१५ ला सुरू झाली. तिचा मोफत क्रमांक १८००-४२५-१५१४ होता, पुढे १५१४ हा लघुक्रमांक आला. जाहीर वेळ मंगळवार ते रविवार, सकाळी ८ ते रात्री ८. सोमवारी ती बंद असते, आणि नेमके आठवड्याच्या सुरुवातीला फोन लावणारे ‘लागतच नाही’ म्हणून सोडून देतात. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीसाठी, जी २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली, १४४३४. भविष्य निर्वाह निधीसाठी १४४७०. राज्याच्या महास्वयम संकेतस्थळासाठी १८००-१२०-८०४०. हाच क्रमांक ‘आपले सरकार’च्या सेवांसाठीही छापलेला असतो, म्हणून फोन उचलला की आधी ‘महास्वयम, रोजगार नोंदणी’ एवढे सांगावे. लोकसेवा आयोग, ज्याचे कार्यालय आता बेलापूरला सरोवर विहारसमोर आहे, उमेदवारांना मोफत क्रमांक आणि साधा दहा आकडी क्रमांक असे दोन्ही देतो. रेल्वे भरती मंडळांच्या अर्जांच्या मदतीसाठी तर चंदीगडचा कोड असलेला लँडलाइन क्रमांक दिला गेला आहे. तो मोफत नाही.

१८०० चा क्रमांक न लागण्याची कारणे बहुधा साधी असतात. पुढे ०, ०२२ किंवा +९१ लावलेले असते. क्रमांक साठवताना फोनच कधी +९१ जोडतो, तो काढून छापलेले आकडे जसेच्या तसे लावावेत. लागल्यावर भाषेसाठी आकडा दाबताना आवाज जात नसेल, तर फोनच्या डायलरमधला कीपॅड उघडावा. फोन करण्याआधी नोंदणी क्रमांक, नोंदवलेला मोबाइल, आधार आणि स्क्रीनवर आलेल्या त्रुटीचा नेमका मजकूर समोर ठेवावा. तक्रार क्रमांक मागून लिहून घ्यावा, नाहीतर पुढच्या फोनला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. गुगलवर शोधून मिळालेल्या क्रमांकावर भरवसा ठेवू नये, तिथे भामटे आपले क्रमांक पेरतात. ओटीपी कोणालाही सांगू नये. नोकरीच्या नावाने पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करावा. २०२४ पासून सरकारी आणि वित्तीय संस्थांनी ग्राहकाला करायच्या कॉलसाठी १६०० ही मालिका ठेवली आहे. तोच जुना मोफत सेवेचा आकडा, आता उलट दिशेने.

मिनिटांचा खर्च जवळजवळ संपला तो सप्टेंबर २०१६ नंतर, जिओने बोलणे मोफत केल्यावर. १ जानेवारी २०२१ पासून कंपन्यांनी एकमेकांना द्यायचे मिनिटाचे शुल्कही शून्य झाले. शहापूर आणि बेलापूर पहिल्यांदाच एका दरात आले. पण २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. वैधता संपली की आधी बाहेरचे कॉल बंद आणि काही दिवसांनी येणारे कॉल व एसएमएसही बंद. २००३ ला मिळालेली सवलत अशी मागच्या दाराने गेली. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा अमर्याद कॉलचा सुरुवातीचा रिचार्ज १९९ रुपयांवर गेला. वर्षात असे १३ रिचार्ज, म्हणजे २,५८७ रुपये. हेल्पलाइन मोफत असूनही तिला फोन लावण्याच्या आणि तिचा फोन घेण्याच्या स्थितीत राहायला हा खर्च येतो, आणि कमाई नसलेल्या महिन्यात नेमका हाच टाळला जातो.

टाळल्याचा परिणाम वाईट होतो. महास्वयम, राष्ट्रीय करिअर सेवा, ई-श्रम, सगळीकडे प्रवेश ओटीपीवर. क्रमांक ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करून दुसऱ्याला देऊ शकते. मग मुलाखतीचा एसएमएस त्या दुसऱ्याकडे जातो. आधारला जोडलेला क्रमांकही तोच असेल, तर तो आधार केंद्रावर बदलायला ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये भरावे लागतात. हे काम कोणतीही रोजगार हेल्पलाइन फोनवर करून देऊ शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने इंटरनेट नको असलेल्यांसाठी केवळ बोलणे आणि एसएमएस असलेले, ३६५ दिवसांपर्यंतचे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले. साधा फोन वापरणाऱ्या, नाक्यावर काम शोधणाऱ्या माणसाला याचा खरा उपयोग आहे, पण ते मागून घ्यावे लागतात.

१९५९ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात सेवायोजन कार्यालयांच्या जागी करिअर सेंटर हा शब्द आला. ठाण्याचे कार्यालय मधल्या काळात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झाले. ते नौपाड्यात, गावदेवी मैदानाजवळच्या मंडईत, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. क्रमांक हरवलेल्या उमेदवाराने शहापूरहून निघण्याआधी तालुक्यातच आधारचा मोबाइल बदलून घ्यावा, पावती सोबत ठेवावी, नवा क्रमांक आधारमध्ये दिसू लागल्याची खात्री करावी आणि मगच आसनगावहून लोकल धरावी. उलट क्रमाने गेल्यास नोंदणी दुरुस्त होत नाही आणि दिवसाची मजुरी जाते.