चमचाभर पाणी आणि तीन किलोचे बाळ

बाळ गारठू नये म्हणून आंघोळीचे पाणी चांगले कढत हवे, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही पक्का रुजलेला आहे. वास्तविक कोमट पाण्यात असताना नवजात बाळ फारसे गारठत नाही. ते गारठते पाण्याबाहेर काढल्यानंतरच्या काही मिनिटांत, आणि त्याचे कारण शाळेत शिकलेल्या बाष्पीभवनात आहे.

त्वचेवरचे एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता शोषून घेते. बाळाच्या शरीराचे तापमान एका अंशाने बदलण्यास दर किलो वजनामागे साधारण ३.५ किलोज्यूल लागतात, म्हणजे तीन किलोच्या बाळाला साडेदहा. साडेदहाला २.४ ने भागले तर एका अंशाने गारठवायला किती पाणी उडावे लागते ते कळते: सुमारे ४.४ ग्रॅम, जेमतेम चहाचा एक चमचा. प्रत्यक्षात काही उष्णता भोवतालच्या हवेतून येते आणि शरीरही नवी उष्णता निर्माण करत असते, त्यामुळे तापमान इतके घसरत नाही. परंतु ओल्या केसांत आणि मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्यांत एवढे पाणी सहज राहून जाते. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते, म्हणजे एकूण मुभाच एका अंशाची. त्यातच वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या अडीच पटींहून अधिक असते. कढत पाण्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगावरचे पाणी अधिक वेगाने उडते आणि उष्णतेची गळती उलट वाढते. भाजण्याची भीती ती निराळीच.

मोठी माणसे कुडकुडून ऊब निर्माण करतात. नवजात बाळाला ते फारसे साधत नाही. त्याची भिस्त असते तपकिरी मेदावर. दोन खांद्यांच्या मध्ये, मानेत आणि मूत्रपिंडांभोवती साठलेल्या या मेदाच्या पेशी तंतुकणिकांनी (मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागांनी) खच्चून भरलेल्या असतात. इतर पेशींत तंतुकणिकेच्या आतल्या पटलाबाहेर साठलेले प्रोटॉन परत आत येताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन, तयार होते. तपकिरी मेदात मात्र थर्मोजेनिन नावाचे प्रथिन त्यांना आडवाट मोकळी करून देते, आणि एटीपीऐवजी सारी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. ही शेकोटी फुकट पेटत नाही. तिला प्राणवायू आणि इंधन दोन्ही लागतात, म्हणून फार गारठलेल्या बाळाच्या रक्तातील साखरही उतरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिली आंघोळ जन्मानंतर निदान २४ तास लांबवण्याची शिफारस केली, तिच्यामागे हेही एक कारण आहे. तोवर अंगावर राहणारा पांढरा, चिकट थर घाण नसून त्वचेचे संरक्षक आवरण आहे. तो घासून काढू नये.

तेव्हा पाण्याआधी खोलीचा आणि टॉवेलचा विचार करावा. खोली उबदार असावी, पंखा बंद असावा आणि कोरडा टॉवेल हाताशी उलगडून ठेवलेला असावा. टबात आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम मिसळून नीट ढवळावे. पाणी ३७ ते ३८ अंश असावे, आणि तापमापक नसेल तर कोपर बुडवून पाहावे, कारण बोटांना गरम पाण्याची सवय झालेली असते. डोके शेवटी धुवावे आणि पुसताना मात्र आधी पुसावे. पाच-दहा मिनिटांत आंघोळ आटोपावी. काही सेंटीमीटर पाण्यातही बाळ बुडू शकते, म्हणून आधाराचा हात क्षणभरही काढू नये.

आठवड्यातून दोन-तीन आंघोळी पुरतात. जांघा आणि मानेच्या घड्या मात्र रोज पुसाव्यात. पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकल्याने बाळ निरोगी राहत नाही, त्वचेची आग तेवढी होते. आणि बाटलीवरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दाने आतला सुगंध सौम्य होत नाही. नाळेचा तुकडा गळून पडेपर्यंत ओल्या कापडाने अंग पुसणे सोयीचे. तो भिजलाच तर हलक्या हाताने टिपून कोरडा करावा. त्याच्याभोवतीची त्वचा लाल झाली, सुजली किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.