जास्त सीसी म्हणजे मातीत भारी गाडी?

‘जेवढी सीसी जास्त, तेवढी गाडी ऑफरोडला भारी’ हा मेसेज बाइकवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. पुणे हायवेवर ते बऱ्यापैकी खरंही आहे, म्हणूनच पटतं.

मातीत मात्र मागच्या टायरची पकडच आधी संपते. सोलापूरच्या सुट्या मुरमावर थ्रॉटल पिळला की वाढीव ताकद चाक गरागरा फिरवण्यातच जाते. मग उरतं वजन. हीरोची एक्सपल्स 200 4व्ही ही बाइक साधारण 19 पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती), वजन 160 किलोच्या आत. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 ची ताकद 40 पीएस, वजन 196 किलो. पावसात काळ्या रानात रुतल्यावर हे जादाचे छत्तीस-सदतीस किलो तुम्हालाच उचलायचे असतात! हार्ड एन्ड्युरोवाले, म्हणजे दगड-चिखल-चढांच्या अवघड शर्यती करणारे, उगाच 300 सीसीच्या हलक्या टू-स्ट्रोक पसंत करत नाहीत.

सस्पेन्शनचंही तसंच. कडक म्हणजे दणकट नव्हे. स्प्रिंग दबलीच नाही तर चाक उडतं आणि पकड सुटते. घरी टेप घेऊन बघा. मागचं चाक अधांतरी ठेवून अॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग चाक टेकवून, हेल्मेट-बूट घालून गाडीवर बसा आणि दुसऱ्याला पुन्हा मोजायला सांगा. फरक एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जेवढं वर-खाली हलू शकतं त्या अंतराच्या, तिसऱ्या हिश्शाजवळ हवा. एक्सपल्सला मागे 170 मिमी आहे, म्हणजे पंचावन्नच्या आसपास. फारच कमी आला तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, थोडा सैल करा, मग त्याच मुरमावर पुन्हा फेरी मारा.