खानदेशातलं संशोधन: प्रश्न इथले, उत्तरं कुठं गेली?

जळगावहून धुळ्याच्या रस्त्याला लागलं, गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरीच्या टेकड्यांवर विद्यापीठ दिसतं. 15 ऑगस्ट 1990 रोजी ते सुरू झालं. आधी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आणि 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावानं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, गणित, पर्यावरण आणि भूविज्ञान यांच्या स्वतंत्र प्रशाळा आहेत, रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे. तिथून निघणारे प्रबंध वाचताना काही विषय पुन्हा पुन्हा भेटतात: तापीच्या गाळातलं पाणी, काळ्या जमिनीतले जिवाणू, केळी. या विषयांना मोठा इतिहास आहे, आणि तो विद्यापीठापेक्षा कितीतरी जुना आहे. त्या इतिहासात एक गोष्ट सतत घडत आली: प्रश्न खानदेशात उभा राहिला, त्याचा अभ्यासही इथंच झाला, पण उत्तर बाहेर गेलं. कधी माणसाबरोबर, कधी पेटीत भरून.

सुरुवात पाटण्यापासून करायला हवी. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं मंदिर आहे. तिथला संस्कृत शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची सगळ्यात भक्कम माहिती आपल्याला त्यातूनच मिळते. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 मधला, म्हणजे इसवी सन 1114 चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यांच्या जन्मगावाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत आणि ते इथं सोडवण्याची गरज नाही. महत्त्वाचं आहे ते त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, 1207 मध्ये पाटण्यात केलेलं काम. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यानं मठ स्थापला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं.

या शिलालेखाच्या शेवटी जुन्या मराठीतल्या काही ओळी आहेत, आणि मला त्या सगळ्यात मोलाच्या वाटतात. मठाचा खर्च कसा चालायचा ते त्यांत सांगितलं आहे. पाटण्याच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावर राजाला मिळणारं उत्पन्न मठाला द्यायचं. गावात जेवढे तेलाचे घाणे फिरतात त्या प्रत्येकामागे पळीभर तेल द्यायचं. म्हणजे खानदेशातलं गणिताचं एक अध्ययनपीठ आठशे वर्षांपूर्वी बाजाराच्या करावर आणि तेल्याच्या घाण्यावर उभं होतं. आज संशोधनाच्या निधीबद्दल बोलताना आपण दिल्लीकडे पाहतो. त्या काळी एका छोट्या गावानं स्वतःच्या कमाईतला वाटा गणितासाठी बाजूला काढला होता.

आणि ते गणित साधंसुधं नव्हतं. अशी संख्या शोधा, जिच्या वर्गाला 61 नं गुणून त्यात 1 मिळवला की पुन्हा वर्गसंख्याच येते. भास्कराचार्यांनी हे उदाहरण चक्रवाल पद्धतीनं, म्हणजे फेऱ्याफेऱ्यानं उत्तराकडे नेणाऱ्या रीतीनं, सोडवलं. सर्वांत लहान उत्तर येतं 22,61,53,980, आणि ज्या संख्येचा वर्ग मिळतो ती 1,76,63,19,049. नेमका हाच 61 चा प्रश्न पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं 1657 मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला, तेव्हा मधे पाचशे वर्षं उलटून गेली होती.

पण याच शिलालेखात दुसरीही नोंद आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपालानं त्याला इथून आपल्याकडे नेलं. नातू चांगदेव पुढे सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. विद्या इथली आणि दरबार दुसरीकडचा, या प्रकाराचा लिखित पुरावा तेव्हापासूनचा आहे.

अभियांत्रिकीची गोष्ट पांझरेच्या काठची. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्यावर चालणारी फड पद्धत निदान तीन-चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्यातून पाट काढायचा, त्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे, म्हणजे थळाचे, तीन-चार फड पाडायचे, एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचं. ऊस एका फडात, हंगामी पिकं दुसऱ्यात, पुढच्या वर्षी फेरपालट. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असायची, त्यामुळे पाण्याचा लाभ आणि पाण्याची टंचाई दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येत. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागले, आणि निर्णय गावाचा. सरकारी अधिकारी या व्यवस्थेत कुठंच नव्हता.

1884 मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण सहायक अभियंता मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू होऊन या भागात आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्याचं नाव. पांझरेच्या पाटाचं पाणी दातर्तीजवळ एका नाल्याच्या पलीकडे न्यायचं होतं, त्यासाठी नळाचा सायफन बसवायचा होता. पावसाळ्याचे दिवस, पुराचं पाणी आणि नोकरीची सुरुवात अशा स्थितीत ते काम त्यांनी पुरं केलं. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी आखलेली ब्लॉक पद्धत, म्हणजे जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट करत पाणी देण्याची रीत, फड पद्धतीशी इतकी जुळते की धुळ्यातल्या त्या दिवसांची आठवण तिच्यामागे असावी असं सिंचनाचे अनेक अभ्यासक मानतात. मलाही तसंच वाटतं. विश्वेश्वरय्यांचं नाव म्हैसूरनं आणि देशानं योग्य त्या मानानं जपलं. ज्या पाटकऱ्यांनी त्यांना पाट दाखवले असतील, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. नंतर पांझरेवर धरणं झाली, विहिरी आणि पंप वाढले, आणि अनेक फड विस्कटले. आता सहभागी सिंचनावर जे प्रबंध होतात त्यांत फड पद्धतीचा उल्लेख आदरानं येतो. चालू फड पाहायला मात्र बरंच हिंडावं लागतं.

निसर्गविज्ञानातली सर्वांत बोलकी गोष्ट एका पक्ष्याची आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड विज्ञानाला 1873 मध्ये माहीत झालं. त्यानंतर मोजकेच नमुने मिळाले आणि त्यांतले काही खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं शहाद्याच्या परिसरात 1880 च्या दशकात गोळा केले. नमुने इंग्लंडला गेले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं हा पक्षी कुणाला खात्रीनं दिसला नाही. एकच अपवाद सांगितला जाई: रिचर्ड माइनर्टझागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळवल्याचा दावा केलेला नमुना. 1990 च्या दशकात पामेला रॅसमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासह संग्रहालयांतले नमुने बारकाईनं तपासले. माइनर्टझागनचा नमुना चोरीचा निघाला. डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेला पक्षी उचलून, नव्यानं भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. मांडवीचा धागा गळून पडला आणि शोध घेणारे मूळ जागांकडे वळले. पूर्वेकडच्या जुन्या जागी काही मिळालं नाही. मग ते शहाद्याला आले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ सागवनात त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. शहादा आज ज्यात आहे तो नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता; तो 1 जुलै 1998 चा. यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी या पक्ष्यावर सविस्तर काम केलं आणि यावल अभयारण्यासारख्या जागांतूनही नोंदी आल्या. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांना तो पक्षी हरवलेला कधी वाटला होता का, हा प्रश्न मात्र मला नेहमी पडतो.

शेतीतलं संशोधन लवकर इथं रुजलं, कारण पीक जिथं तिथंच अभ्यास करावा लागतो. धुळ्याचं कृषी महाविद्यालय 1960 चं. जळगावात तेलबिया आणि केळी यांची संशोधन केंद्रं आहेत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली. इथं परदेशातून आलेल्या एका नमुन्यातून निवड करत भुईमुगाचं जेएल-24 हे वाण तयार झालं. आपल्याकडे ते 'फुले प्रगती' म्हणून ओळखलं जातं. 'जेएल' म्हणजे जळगाव. लवकर येणारं, उपटं वाण म्हणून ते देशभर पसरलं, आणि आफ्रिकेतल्या मालावीत तेच 'काकोमा' या नावानं शेतकऱ्यांना दिलं गेलं. जळगावचं नाव त्या दोन इंग्रजी अक्षरांत दडून तिकडे पोचलं.

विद्यापीठ येण्याआधी इथल्या विज्ञानशिक्षणाचा भार मोजक्या महाविद्यालयांवर होता. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही दोन्ही 1940 च्या दशकातली. त्याही आधी, 1916 मध्ये, प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञानाची संशोधनसंस्था काढली होती. एका गिरणीमालकाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या संस्थेत देशभरातले तत्त्वज्ञ येऊन राहत. विज्ञानाला तसा आश्रय मिळायला बराच वेळ गेला. महाविद्यालयं आधी मुंबई विद्यापीठाला आणि नंतर पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पीएचडी करायची तर चारेकशे किलोमीटरवरचं पुणं गाठायचं, राहायची सोय करायची, प्रयोगशाळेत जागा मिळवायची. चोपड्याच्या किंवा तळोद्याच्या मुलाला, आणि मुलीला तर अधिकच, हे किती जमणार? 1983 साली बांभोरी आणि फैजपूरला अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली, जळगावचं शासकीय अभियांत्रिकी 1996 मध्ये आलं.

1990 चं महत्त्व इथं आहे. नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्रा. एन. के. ठाकरे गणितज्ञ होते, लॅटिस थिअरी या गणितशाखेचे अभ्यासक. पाटण्याच्या मठानंतर जवळपास आठशे वर्षांनी खानदेशातली उच्च विद्येची संस्था पुन्हा एका गणितज्ञाच्या हाती आली, हे मला मोठं वाटतं. पुढच्या काळात ज्या कामांनी या विद्यापीठाची ओळख झाली त्यांत जीवशास्त्र प्रशाळेतलं सिडेरोफोरवरचं काम ठळक आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण पिकाला ते घेता येत नाही; भुईमूग पिवळा पडतो तो यामुळेच. काही जिवाणू लोहाला पकडून आणणारे रेणू सोडतात, त्यांना सिडेरोफोर म्हणतात. ज्याच्या वावरात पिवळा भुईमूग आहे त्याच्या घरातलं पोर प्रयोगशाळेत त्या जिवाणूवर काम करतंय, हे 1990 आधी घडणं फार अवघड होतं.

आता खडकाकडे येऊ. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो वर येताना जमिनीच्या भेगांत थिजला आणि उभ्या भिंतींसारखा राहिला. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात त्या दाटीनं आहेत. आयआयटी मुंबईच्या भूवैज्ञानिकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोनशेहून जास्त मोठ्या डाइकची मोजदाद आहे. साक्री, धुळे, पारोळा अशी जाणारी एक तर 80 किलोमीटरच्या आसपास लांब आहे. अभ्यासकांना त्यातून लाव्हा कुठून आला ते हवं असतं. शेतकऱ्याला त्यातून विहीर कुठं पाडायची ते हवं असतं, कारण डाइक कुठं भूजल अडवते तर तडकलेली असेल तिथं वाट करून देते. एकाच खडकाचे हे दोन प्रश्न आहेत, आणि दुसरा सोडवायला गावात वारंवार जाणारा अभ्यासक लागतो.

तापीच्या उत्तर काठाला गोष्ट वेगळी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि वाळूचा जाड थर साचला आहे, त्याला बझाडा म्हणतात. चोपडा, यावल, रावेरची केळी या थरातल्या पाण्यावर वाढली. मृगबाग असो की कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड असो की त्यानंतरची, केळीला बारा महिने पाणी लागतं, आणि विहिरींच्या जागी खोल बोअर आले तशी पातळी खाली गेली. शिरपुरात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथले राजकीय नेते अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर नाले रुंद आणि खोल करून साखळी बंधारे बांधले. पाण्याला आत जाऊ न देणारे वरचे मातीचे थर कापून खालच्या वाळूपर्यंत पोचायचं, हा त्यामागचा विचार. मी ते नाले उन्हाळ्यात पाहिले आहेत, आणि त्यांत पाणी होतं. पण गाळाच्या जमिनीतलं हे तंत्र बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हाच्या कठीण खडकाच्या, तालुक्यांत जसंच्या तसं नेलं गेलं तेव्हा भूजलतज्ज्ञांनी आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. खडक बदलला की उत्तर बदलतं.

10 मे 2025 रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोरे महाकाय पुनर्भरण योजनेचा करार केला. तापीचं पाणी कालव्यांनी बझाड्यावर आणून जमिनीत मुरवायचं, अशी ती कल्पना आहे आणि ती अनेक दशकं कागदावर होती. काम सुरू झाल्यावर पाणी किती मुरलं हे सांगायचं तर आधीची पातळी माहीत हवी: प्रत्येक गावातल्या ठरावीक विहिरी, पावसाळ्याआधी आणि नंतर, ओळीनं काही वर्षं. हे मोजमाप पुण्या-मुंबईहून येऊन होत नाही. यावल-रावेरच्या महाविद्यालयांत भूगोल, रसायन आणि स्थापत्य शिकणारी मुलं त्याच विहिरींच्या गावांतून रोज एसटीनं येतात. मोजपट्टी त्यांच्या हाती आत्ताच द्यायला हवी, पहिला कालवा खणला जाण्याआधी.