अनुस्फुरक अब्जांश कण (कर्करोगातील उपयोग)

विशिष्ट प्रकाश शोषून बहुधा त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश उत्सर्जित करणारे, साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. अर्बुद (कर्करोगाची गाठ) दृश्यमान करणे आणि त्यात औषध पोहोचविणे, या दोन्ही कामांसाठी त्यांचा अभ्यास चालू आहे.

या शाखेचा आरंभ काही जण क्वांटम बिंदूंच्या (अर्धसंवाहकाच्या अनुस्फुरक अब्जांश स्फटिकांच्या) शोधापासून, म्हणजे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून धरतात. त्या शोधासाठी एकिमोव्ह व ब्रूस या शास्त्रज्ञांना आणि उत्तम प्रतीचे बिंदू बनविण्याच्या पद्धतीसाठी बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हे बिंदू जैविक खूण म्हणून १९९८ मध्ये वापरले गेले. वैद्यकाच्या दृष्टीने तोच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक. अनेक क्वांटम बिंदूंत असणाऱ्या कॅडमियम या धातूच्या विषारीपणामुळे पुढे सिलिका, कार्बन व बहुवारिकांचे (पॉलिमरचे) कण पुढे आले.

काही रचनांत प्रकाशच औषधाची वर्दी देतो. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध स्वतः अनुस्फुरक आहे. ते क्वांटम बिंदूला जोडलेले असताना बिंदूची ऊर्जा औषधाकडे जाते (ऊर्जा-संक्रमण) व बिंदूचा प्रकाश मंदावतो. औषध सुटले की तो पुन्हा उजळतो.

कण अर्बुदात शिरतात कसे, हा खरा वादाचा मुद्दा आहे. मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये असे मांडले, की अर्बुदातील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात व लसीका-निचरा (ऊतींतील जादा द्रव वाहून नेणे) अपुरा असतो, म्हणून मोठे रेणू तेथे साठतात. हे स्पष्टीकरण दीर्घकाळ जवळजवळ गृहीत धरले गेले. परंतु आधीच्या प्राणिप्रयोगांच्या २०१६ मधील आढाव्यात, दिलेल्या मात्रेपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्या भागाचे मध्यक प्रमाण अवघे ०.७% आढळले. २०२० मधील अभ्यासाने तर बहुतेक कण फटींतून नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींतून सक्रियपणे वाहून नेले जातात, असे दाखविले. उंदरांतील वेगाने वाढणाऱ्या अर्बुदांवरून मानवी अर्बुदांविषयी अनुमान काढणे धोक्याचे असल्याने, सच्छिद्रतेला एकमेव कारण न मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. उरलेले बरेचसे कण यकृत व प्लीहेत अडकतात, सुमारे ५.५ नॅनोमीटरहून लहान कण मूत्रावाटे लवकर बाहेर पडतात.

ऊतींत प्रकाश फार खोल जात नाही. निकट अवरक्त प्रकाशाचे शोषण व प्रकीर्णन कमी असल्याने तो पसंत केला जातो, पण त्यालाही मर्यादा आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेत अर्बुदाच्या कडा दाखविणे हा उपयोग सर्वांत व्यवहार्य ठरतो. कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेल्या सिलिका कणांची पहिली मानवी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पसरलेल्या मेलॅनोमाचे (त्वचेतील रंगपेशींच्या कर्करोगाचे) ५ रुग्ण होते. कणांत औषध नव्हते, आणि शरीरातील त्यांचा मागही प्रकाशाने नव्हे, तर त्यांना जोडलेल्या किरणोत्सर्गी आयोडिनाच्या साहाय्याने पॉझिट्रॉन चित्रणाद्वारे (पेट स्कॅन) घेतला गेला.