डब्यावर झाडाचं नाव, आत कारखान्यातलं रसायन

२५ जून १९९४. अमेरिकेतल्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा नायजेरियाविरुद्धचा सामना संपला आणि मॅराडोना एका परिचारिकेचा हात धरून हसत हसत लघवीचा नमुना द्यायला मैदानाबाहेर गेला. नमुन्यात इफेड्रिन या उत्तेजकाच्या कुळातली पाच रसायनं निघाली. विश्वचषकातून हकालपट्टी झाली, पंधरा महिन्यांची बंदी आली आणि अर्जेंटिनाच्या जर्सीत तो पुन्हा खेळला नाही. त्याच्या बाजूनं सांगितलं गेलं ते असं : वजन आटोक्यात ठेवणारं नेहमीचं सप्लिमेंट संपलं, म्हणून ट्रेनरनं तेच अमेरिकेत विकत घेतलं, पण अमेरिकेतल्या डब्यात इफेड्रा, म्हणजे इफेड्रिन असलेलं झुडूप, होतं. हा बचाव ज्याला पटेल त्याला पटो. त्या काळी अमेरिकेतल्या दुकानात असं होऊ शकत होतं, एवढं मात्र नक्की.

बरोबर चार महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १९९४ रोजी, अध्यक्ष क्लिंटन यांनी आहारपूरकांच्या, म्हणजे सप्लिमेंटच्या, कायद्यावर सही केली. यूटा राज्याचे सिनेटर ऑरिन हॅच हे त्याचे मोठे पुरस्कर्ते, आणि यूटा हे सप्लिमेंट कंपन्यांचं माहेरघर. जीवनसत्त्वं, खनिजं, वनस्पती, अमिनो आम्लं हे सगळं या कायद्यानं अन्नाच्या खात्यात टाकलं. औषध बाजारात आणायचं तर ते सुरक्षित आहे हे कंपनीला आधी सिद्ध करावं लागतं. सप्लिमेंट मात्र थेट विकता येतं. ते घातक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारच्या अन्न व औषध प्रशासनावर, म्हणजे एफडीएवर, आणि तीही माल विकला गेल्यावर. वरातीमागून घोडं, तेही कायद्यानं बांधून दिलेलं. पुढच्या पंचवीस वर्षांत जे घडलं त्याचं मूळ या तरतुदीत आहे. उत्तेजक विकायचं तर एवढंच करायचं होतं : त्याला एखाद्या झाडाचं नाव जोडायचं.

इफेड्राच्या बाबतीत ते जोडावंही लागलं नाही. चिनी वैद्यकात ‘मा हुआंग’ म्हणून सर्दी-दम्यावर दिलं जाणारं हे खरोखरीचं झुडूप. आपल्याकडे हिमालयात होणाऱ्या त्याच्या भावकीतल्या जातीला सोमलता म्हणतात. जपानचे नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये त्यातून इफेड्रिन वेगळं केलं. हे रसायन अ‍ॅड्रेनलिनसारखं वागतं : नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, भूक मरते. (त्याच्यापासून मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थही बनतो. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून टनावारी इफेड्रिन जप्त केलं, ते याच कारणानं.) जिममध्ये इफेड्रिन, कॅफिन आणि अ‍ॅस्पिरिन हे त्रिकूट ‘कटिंग’साठी, म्हणजे चरबी उतरवण्यासाठी, सर्रास वापरलं जाई. नव्वदच्या दशकात मेटाबोलाइफ ३५६ ही इफेड्राची गोळी अमेरिकेत तुफान खपली. आमच्याकडे तक्रारी नाहीत, असं कंपनी एफडीएला सांगत राहिली. आणि २००२ मध्ये तिनंच तेरा हजारांहून अधिक तक्रारी हवाली केल्या. संस्थापकाला पुढे खोटं बोलल्याबद्दल तुरुंगवास झाला.

निर्णायक ठरला तो एका बेसबॉलपटूचा मृत्यू. बॉल्टिमोर ओरिओल्सचा तेवीस वर्षांचा स्टीव्ह बेक्लर वजन उतरवण्याच्या खटपटीत होता. पोटात धड अन्न नाही, फ्लोरिडाची दमट हवा, आणि सोबत इफेड्राच्या गोळ्या. फेब्रुवारी २००३ मध्ये सरावात तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी उष्माघातानं गेला. रक्तवाहिन्या आकसल्या की अंगातली उष्णता कातडीवाटे बाहेर पडायला जागा उरत नाही. व्यायाम आणि उकाडा यांच्या जोडीला उत्तेजक घातक ठरतं ते म्हणून. एप्रिल २००४ पासून अमेरिकेत इफेड्रायुक्त सप्लिमेंटवर बंदी आली. नव्या कायद्याखाली बंदी घातलेलं हे पहिलं सप्लिमेंट, आणि त्याला दहा वर्षं लागली.

रिकामी जागा भरायला वेळ लागला नाही. अमेरिकेत खेळाडूंना उत्तेजकं पुरवल्याच्या बाल्को प्रकरणातलं चाचणीत न सापडणारं स्टेरॉइड ज्यानं बनवलं, त्या पॅट्रिक अर्नोल्ड या रसायनतज्ज्ञानं जुन्या औषधांतून एक रेणू उकरून काढला : मेथिलहेक्झेनअमिन, म्हणजेच डीएमएए. एली लिली कंपनीनं १९४८ मध्ये तो चोंदलेल्या नाकासाठी इनहेलरमध्ये आणला होता. १९८३ मध्ये त्याची मान्यताही संपली होती. आता त्याला वनस्पतीची वंशावळ हवी होती. ती मिळाली जिरेनियम या सुगंधी फुलझाडाच्या तेलात. चीनमधल्या १९९६ च्या एका शोधनिबंधाचा हवाला देण्यात आला आणि डब्यांवर ‘जिरेनियमचा अर्क’ असं छापून येऊ लागलं. नंतरच्या बहुतेक तपासण्यांत जिरेनियममध्ये हा रेणू सापडलाच नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

आपल्याकडे हे नाव पोहोचलं ते २०१० मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे वाडानं, त्याच वर्षी मेथिलहेक्झेनअमिन नावानिशी बंदीच्या यादीत घातलं होतं, आणि स्पर्धेआधीच्या चाचण्यांत भारताचे मल्ल आणि जलतरणपटू एकामागोमाग त्यात सापडले. आदल्या वर्षीपर्यंत बिनधास्त घेतली जाणारी पावडर आता अंगाशी येऊ लागली होती, आणि डब्यावर त्या रेणूचं नाव सहसा नसायचं. खुद्द स्पर्धेत नायजेरियाच्या ओसायेमीचं शंभर मीटरचं सुवर्ण याच रसायनापायी गेलं. दातदुखीवर औषध घेतलं होतं, असं तिचं म्हणणं होतं. उसेन बोल्टचं नववं सुवर्णही यातच गेलं. बीजिंग २००८ च्या रिलेतला त्याचा सहकारी नेस्टा कार्टर याचा जपून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला तेव्हा त्यात मेथिलहेक्झेनअमिन निघालं आणि २०१७ मध्ये चौघांचीही पदकं परत घेतली गेली. २००८ मध्ये यादीत त्याचं नाव नव्हतं, पण यादीतल्या उत्तेजकांसारखे इतर पदार्थही तेव्हा बंदच होते.

पदकं गेली ती खेळाडूंची. हौशी माणसांचा जीव गेला. एप्रिल २०१२ मध्ये लंडन मॅरेथॉनच्या शेवटच्या मैलात तीस वर्षांची एक तरुणी कोसळून मरण पावली. तिनं पाण्यात डीएमएएची पावडर घातली होती, आणि अतिश्रमाच्या जोडीनं ती कारणीभूत ठरली असावी असा निष्कर्ष चौकशीत निघाला. त्या वर्षी एफडीएनं कंपन्यांना इशारापत्रं धाडली. डीएमएएची दोन गाजलेली उत्पादनं विकणाऱ्या यूएसपीलॅब्ज या कंपनीनं आपल्या फॅट बर्नरचं सूत्र बदललं. नव्या सूत्रात एजेलिन होतं, जे निसर्गात बेलाच्या झाडात असतं. महादेवाला वाहतो तोच बेल. फक्त कंपनीनं वापरलेलं एजेलिन प्रयोगशाळेत बनवलेलं होतं. २०१३ मध्ये हवाईत यकृताला सूज आलेल्या रुग्णांची रीघ लागली. काहींना यकृत बदलावं लागलं, मृत्यूही झाला. पुढच्या खटल्यात आरोप हाच होता की चीनहून आणलेली कृत्रिम रसायनं कंपनीनं वनस्पतीचे अर्क म्हणून दुकानदारांच्या गळ्यात मारली.

त्यानंतर बाभळीच्या एका अमेरिकी भाईबंदाच्या नावाखाली बीएमपीईए हे अ‍ॅम्फेटामिनच्या जातकुळीतलं रसायन निघालं. त्यावर २०१५ मध्ये कारवाई झाली तोवर अक्रोडाच्या शास्त्रीय नावाआड डीएमएचए बाजारात येऊ लागलं होतं. त्याची इशारापत्रं निघाली २०१९ मध्ये. डब्याच्या मागे ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ अशी एक ओळ असते. तिच्यात मिश्रणाचं एकूण वजन दिलेलं असतं, कुठला घटक किती हे नसतं. एका स्कूपमागे ‘किक’ जोरात बसली की पोरं खूश. ती कशानं बसली हे त्या ओळीवरून कळायला मार्ग नाही.

स्लिमिंगच्या ‘हर्बल’ कॅप्सूलची वाट वेगळी. तिथे झाडाचं नाव असतं आणि रसायनाचा उल्लेखच नसतो. भूक मारणारं सिब्युट्रामिन हृदयविकार आणि पक्षाघात वाढवतं असं मोठ्या चाचणीत दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेलं, भारतानं २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. तरी अशा कॅप्सूलच्या तपासण्यांत जगभर ते सापडतच राहिलं. आपल्याकडे सप्लिमेंटसाठी स्वतंत्र नियम झाले २०१६ मध्ये. दुकानातला नमुना उचलायचं काम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे इथंही तपासणी होते ती बहुतेक वेळा माल फळीवर आल्यावर.

वाडानं आपल्यापुरती पळवाट बुजवली आहे. उत्तेजकांच्या यादीत नावं संपली की एक वाक्य येतं : यांच्यासारखी रचना किंवा यांच्यासारखा परिणाम असलेले इतर पदार्थही बंद. म्हणजे अजून नावही न पडलेल्या रेणूसाठी खेळाडूवर बंदी येऊ शकते, आणि तोच डबा दुकानात बिनबोभाट विकला जाऊ शकतो.