आपलं बोर आणि चिनी बोर: कात्री कधी चालवायची?

‘बोर जानेवारीत छाटावं’ हा सल्ला दर हिवाळ्यात कुणीतरी ठोकून देतंच. तो अमेरिकेतल्या चिनी बोरासाठी, म्हणजे जुजुबीसाठी ठीक आहे. आपल्या बोराला ऐन जानेवारीत कात्री लावली, तर फळांनी लगडलेल्या फांद्याच खाली येतील.

आपल्या बोराचे उमराण, कडाका, मेहरूण हे वाण तुम्हाला ठाऊक आहेत. चिनी बोर पिकलं की लाल-तपकिरी होतं आणि वाळलं की खजुरासारखं सुरकुततं. शंका आली तर पान उलटून बघा: आपल्याचं खालून पांढुरकं, लवदार, चिनीचं गुळगुळीत. झालं!

खरा घोळ विश्रांतीच्या काळाचा आहे. चिनी बोर थंडीत पानं गाळतं, उशिरा फुटतं, मे-जूनमध्ये फुलतं आणि गणपतीच्या सुमारास पिकू लागतं. आपलं बोर ऐन उन्हाळ्यात पानं गाळतं, पावसावर फुटतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलतं आणि संक्रांतीच्या सुगडात पडतं.

आपल्या बोराला फळ त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये खोल छाटणी. चिनी बोराच्या जुन्या लाकडावरच्या गाठींतून बारीक डहाळ्या निघतात, त्यांवर फळ धरतं आणि हिवाळ्यात त्या आपोआप गळतात. त्याला दरवर्षी बोडकं करू नका. कलमाची वेळही दोघांची वेगळी. गावठी बोरावर जुलै-ऑगस्टमध्ये, साल सुटत असताना डोळा भरतात, म्हणजे हव्या वाणाची कळी सालीखाली बसवतात. चिनीची काडी मात्र हिवाळा संपता संपता, झाड फुटण्याआधी कापून फ्रीजमध्ये ठेवायची आणि खुंट (ज्यावर कलम करायचं ते झाड) फुटू लागला की बांधायची.

वाळवंट म्हटलं की लोक फक्त ऊन बघतात. ४५ अंश दोघंही सोसतात. निवड होते ती थंडीच्या रात्रींवर. न्यू मेक्सिकोत कडक हिमतुषार पडतं, तिथं चिनीच लावावं: ताजं खायला ‘ली’ वाण, वाळवायला ‘लँग’. थारमध्ये आपलंच, पण कोरडवाहूला ‘गोला’. तो लवकर तयार होतो, पावसाची ओल त्याला पुरते. उमराण उशिराचा, पाणी नसेल तर फळ बारीक राहतं; तिथं तो लावणं हा निव्वळ हट्ट.

आणि अ‍ॅपल बोर म्हणजे सफरचंदावरचं कलम नव्हे हो! ते आपल्याच बोराचं थायलंडकडून आलेलं मोठ्या फळाचं वाण आहे. माझ्या मते चवीला पाणचट.

कोणतंही लावा, कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे लगेच काढा. ते खुंटाचे असतात आणि काटेही त्यांनाच जास्त.