बोललेला प्रत्येक शब्द दोन्ही भाषांत: वेल्सच्या विधिमंडळातील इतिवृत्ताची पार्श्वभूमी

सेनेड म्हणजे कार्डिफमधलं वेल्सचं विधिमंडळ. त्याच्या कामकाजात वेल्श भाषेवरून सर्वात तीव्र वाद झाला तो इतिवृत्ताच्या भाषांतराचा. 1536 च्या कायद्याने न्यायालयं आणि कारभार इंग्रजीत नेला, 1967 आणि 1993 च्या कायद्यांनी वेल्शला थोडीथोडी जागा परत दिली, हा भाग परिचयाचा आहे. इथे महत्त्वाची आहेत 1998 ते 2012 ही वर्षं.

1998 च्या कायद्याने विधिमंडळ स्थापन झालं आणि 1999 मध्ये 60 सदस्यांचं पहिलं सभागृह बसलं. कामकाजात इंग्रजी आणि वेल्श यांना समान मानावं, असं या कायद्यात होतं. मात्र त्याला एक शेपूट जोडलेलं होतं: परिस्थितीला उचित आणि व्यवहारात वाजवीपणे शक्य असेल तितपत. पुढचे सगळे तंटे या शेपटातूनच निघाले. वाजवी काय आणि शक्य काय, हे ठरवणार कोण? ज्याच्या हाती खर्चाची वही, तोच.

सभागृहात समानतेचा अर्थ पहिल्यापासून गरजेवर बेतलेला होता. सदस्य वेल्शमध्ये बोलू लागला की दुभाष्याच्या खोलीतून इंग्रजी अनुवाद कानातल्या यंत्रात येतो. इंग्रजी भाषणाचा वेल्श अनुवाद तसा येत नाही, कारण वेल्श बोलणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी कळतं. हिशेबाला हे पटतं. पण याचा भार एकाच बाजूवर पडतो. वेल्श बोलणाऱ्याला माहीत असतं की समोरचे बरेचजण आपलं बोलणं दुसऱ्याच्या आवाजात आणि क्षणभर उशिरा ऐकत आहेत. शाब्दिक चकमकीत तो क्षणच निर्णायक असतो, म्हणून पुष्कळदा द्विभाषिक माणूसही उत्तराला इंग्रजीकडे वळतो. चिठ्ठीवरचं भाषण भरभर वाचलं की दुभाष्याची आणखी पंचाईत होते. मजकूर आधी हाती दिला तर निम्मं काम सोपं होतं.

दुभाष्याची पंचाईत कशी होते, याचं आकड्यांचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. वेल्शमध्ये मागच्या शब्दानुसार पुढच्या शब्दाचा आद्यवर्ण बदलतो. देशाचं नाव 'कम्री'. तेच वाक्यात कधी 'गम्री', कधी 'ङम्री', कधी 'ख़म्री' होतं. या नियमाने 'म' आणि 'ब' दोन्हींचा 'व' होतो. म्हणजे अर्थसंकल्पाच्या चर्चेत 'मिलिऊन' आणि 'बिलिऊन' दोन्ही 'विलिऊन' होऊ शकतात आणि दशलक्ष की अब्ज हेच कळेनासं होतं. म्हणून लेखी वापरात 'बिलिऊन' न बदलता तसाच ठेवतात. जुनी मोजणी विसाच्या पटीची आहे: 99 म्हणजे 'पंधरावर चार आणि चार विसा'. दशमान पद्धतीत तोच आकडा 'नऊ दहा नऊ' असा सरळ येतो, त्यामुळे रकमा बहुधा दशमानात सांगितल्या जातात.

इतिवृत्ताला मात्र गरजेचा निकष लागला नव्हता. पूर्ण सभेत, म्हणजे सर्व सदस्यांच्या बैठकीत, कोणी कोणत्याही भाषेत बोलो, ते दुसऱ्या भाषेतही छापलं जाई. 2009 मध्ये प्रशासनाने यातली एक बाजू काढून घेतली: वेल्श भाषणांचा इंग्रजी अनुवाद चालू राहील, इंग्रजी भाषणांचा वेल्श अनुवाद बंद. कारण खर्चाचं होतं, आणि वाचणारे किती, हा प्रश्न सोबत होताच. हा प्रश्नच चुकीचा होता. पाटबंधारे, कर्करोगाचे उपचार, शाळांचं अनुदान या विषयांवर बहुतांश चर्चा इंग्रजीतच होते. त्यांचं वेल्श रूप रोज तयार झालं नाही, तर त्या विषयांची वेल्श परिभाषाच घडत नाही. वेल्श बातमीदाराला मंत्र्याचं विधान स्वतः अनुवादून छापावं लागतं, आणि एकाच विधानाची चार रूपं फिरू लागतात.

भाषेवर देखरेख ठेवणाऱ्या वैधानिक संस्थेने चौकशी करून 2010 मध्ये ठरवलं की हा निर्णय विधिमंडळाच्या स्वतःच्या भाषा योजनेचा, म्हणजे दोन्ही भाषा कशा वापरायच्या याच्या लेखी आराखड्याचा, भंग आहे. तरी गाडं लगेच हललं नाही. शेवटी 2012 मध्ये पूर्ण द्विभाषिक इतिवृत्त परत आलं. पद्धत नवी होती: पहिला कच्चा मसुदा भाषांतरयंत्राचा, त्यावर माणसाचा हात. ठरावांची ठरलेली वाक्यं, मतदानाच्या घोषणा अशा जागी यंत्र उपयोगी पडतं. मात्र बदलत्या आद्यवर्णांत आणि होकार-नकारात ते घसरतं. वेल्शमध्ये सगळीकडे चालणारा एकच 'हो' नाही; प्रश्नातल्या क्रियापदानुसार उत्तर बदलतं. त्यामुळे संपादकाला आधी प्रश्न शोधून मगच उत्तर तपासावं लागतं.

त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला अधिकृत भाषांविषयीच्या कायद्याला राजमान्यता मिळाली. कायदे करण्याच्या विधिमंडळाच्या नव्या अधिकारांखालचा हा पहिलाच कायदा. त्याने दोन्ही भाषांना विधिमंडळाच्या अधिकृत भाषा ठरवलं, भाषा योजनेला सभागृहाची मंजुरी आणि दरवर्षी अहवाल बंधनकारक केला. पण खरी कमाई दुसरीच आहे. पूर्ण सभेच्या इतिवृत्तात बोललेल्या भाषेतला मजकूर आणि दुसऱ्या भाषेतलं संपूर्ण भाषांतर असलंच पाहिजे, हे थेट कायद्याच्या कलमात लिहिलं गेलं. योजना प्रशासन बदलू शकतं. कलम बदलायला सभागृहात विधेयक आणावं लागतं.

इतिवृत्ताचा आणखी एक उपयोग आधी कोणाच्या फारसा ध्यानात नव्हता. वाक्याला वाक्य जुळलेला एवढा मोठा वेल्श-इंग्रजी साठा दुसरीकडे क्वचितच मिळतो, आणि भाषांतरयंत्रं त्यावरच शिकली. 2014 मध्ये एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने वेल्शचं भाषांतरयंत्र आणलं, तेही विधिमंडळाच्या सहकार्याने. तेव्हा 2009 चा निर्णय टिकला असता तर वर्षागणिक हा साठा एका दिशेने आटत गेला असता.

2020 मध्ये संस्थेचं नाव बदललं. फक्त वेल्श नाव ठेवावं अशी मागणी होती, ती फेटाळून कायद्यात 'सेनेड कम्री' आणि 'वेल्श पार्लमेंट' अशी दोन्ही नावं आली. 2024 च्या कायद्याने, 2026 च्या निवडणुकीपासून, सदस्यसंख्या 60 वरून 96 केली. कायद्याच्या कलमामुळे या 96 जणांचं सभेतलं प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत उतरवावं लागणार.